पुन्हाबाई आणि प्लॅटिनमवरची साय

पहिल्या खेपेला मिळालेल्या उत्तरावर बाईंचा विश्वास नसे. ते उत्तर यंत्राने दिलेले असो, विद्यार्थ्याने दिलेले असो, की प्रत्यक्ष संचालकांनी, समोरचा बोलायचा थांबला की बाई चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "पुन्हा." आवाज चढत नसे आणि चेहऱ्यावर रागही दिसत नसे. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव पुन्हाबाई ठेवले होते आणि ते त्यांना ठाऊक होते. एकदा जिन्यात कोणीतरी दबक्या आवाजात "पुन्हाबाई आल्या रे" म्हणाले. बाई वळल्या. "नीट ऐकू नाही आलं. पुन्हा म्हण," म्हणाल्या आणि तो म्हणेपर्यंत जिन्यात उभ्या राहिल्या.

पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेत मी कायदा अधिकारी म्हणून नोकरी केली, तिथे त्या विद्युतरसायन विभागात शास्त्रज्ञ होत्या. संस्थेचे नाव मी येथे घेत नाही. कायदा मला परवानगी देतो, परंतु ते नाव लिहिताना माझे अक्षर बिघडते. आमची ओळख झाली ती भांडणाने. एका कराराच्या मसुद्यात मी "प्लॅटिनम हा अविकारी राजधातू असल्याकारणाने" असे शब्द घातले होते. बाई तो कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"वकीलसाहेब, अविकारी कोण?"

मी कधी एक दिवसही वकिली केलेली नाही, हे त्यांना माहीत होते. तरी शेवटपर्यंत त्यांनी मला याच नावाने हाक मारली.

"प्लॅटिनम. सोने, प्लॅटिनम यांच्यावर काही चढत नाही. शाळेत शिकलो आहोत आम्ही."

"कोणत्या शाळेत?"

"सदाशिव पेठेतल्या."

"मग बरोबर. तिथे कशावरच काही चढत नाही. चला माझ्याबरोबर."

त्यांनी मला प्रयोगशाळेत नेले. आधी हात धुवायला लावले, तेही साबणाशिवाय. काचेच्या भांड्यात आम्ल होते आणि त्यात प्लॅटिनमची केसाएवढी तार सोडलेली होती. तारेवरचा विजेचा दाब त्या हळूहळू वाढवत नेत होत्या आणि कागदावर एक रेघ उमटत होती. दाब एका टप्प्यापलीकडे गेला तशी रेघ वर उचलली गेली. "आता तिच्यावर साय धरली," बाई म्हणाल्या. पाण्यातला ऑक्सिजन धातूवर येऊन बसतो आणि ऑक्साइडचा एक थर तयार होतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. बाई त्याला सायच म्हणत. मग त्यांनी दाब उतरवायला सुरुवात केली. माझी अपेक्षा अशी, की ज्या दाबाला साय धरली त्याच दाबाला ती निघेल. ती निघेना. दाब बराच खाली आला तेव्हा कुठे रेघ खाली बुडाली.

"पाहिलंत? जायची वाट एक, यायची दुसरी," बाई म्हणाल्या. "आणि वर जितका वेळ थांबाल, तितकं उतरायला जड. खुर्चीवर बसलेल्या माणसासारखं."

मी कारण विचारले. माझा व्यवसाय लक्षात घेऊन त्यांनी दिलेले उत्तर मी आयुष्यात विसरणार नाही. "ऑक्सिजन आधी ओसरीवर टेकतो, भाडेकरूसारखा. त्याला जास्त दिवस राहू दिलंत, की तो धातूच्या अणूशी जागा बदलतो. भाडेकरू आत, मालक ओसरीवर. मग तुम्ही भाडेकरूला हुसकावून लावता. तो जातो हो, पण त्या गडबडीत एखाददुसरा मालकही रस्त्यावर येतो. आम्लात जातो. प्रत्येक खेपेला थोडा प्लॅटिनम असा बेघर होतो. आता तुमच्या कागदातलं 'अविकारी' खोडा."

मी ते खोडले. मसुद्यातला शब्द खोडण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येई, आणि त्या दिवशी ती आल्याचा मला आनंद झाला होता, हे नमूद करतो.

बाईंची सारी हयात या सायीचा अभ्यास करण्यात गेली. ती केव्हा धरते, केव्हा सुटते, सुटताना किती धातू घेऊन जाते. त्यासाठी लागणारी स्वच्छता पाहून संस्थेतले लोक त्यांना विक्षिप्त ठरवून मोकळे झाले होते. बोटाचा पुसटसा तेलकटपणा, कोणाच्या अंगावरचे अत्तर, एवढ्यानेही रेघ बिघडते असे त्यांचे म्हणणे. संचालकांचे एक बडे पाहुणे अत्तर लावून आले, तर त्यांना बाईंनी दाराबाहेर उभे करून काचेतून प्रयोग दाखवला. संचालक चडफडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "पाहुणे रागावले तर तुम्ही त्यांची समजूत काढू शकता, सर. तारेची कोण काढणार?"

त्या येरवड्याच्या. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, वडील कारखान्यात कामगार होते, आणि बाई त्यांच्या वस्तीतल्या पहिल्या डॉक्टरेट. मोठ्या पदावर गेल्यावरही त्यांनी तिथले घर सोडले नाही. संस्थेच्या उपाहारगृहात एका सहकाऱ्याने ओठ मुडपून हसत विचारले होते, "अजून येरवड्यातच का, मॅडम?" त्या हसण्यात तुरुंगही होता आणि आणखीही काही होते. बाई चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "हो. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला." त्या सहकाऱ्याने तो विषय परत काढला नाही.

यानंतरचे लिहिताना मला शब्दांवर ताबा ठेवावा लागणार आहे.

बाईंच्या हाताखाली संतोष नावाचा एक संशोधक होता. लोणी काळभोरच्या शेतकरी कुटुंबातला, हाताने नीटस, स्वभावाने भिडस्त. पाण्यातून हायड्रोजन वायू वेगळा काढायचा तर प्लॅटिनम सर्वांत उत्तम, पण तो दुर्मिळ. त्याच्याऐवजी लोखंड आणि निकेल यांची स्वस्त भुकटी वापरता येईल का, हा संतोषच्या प्रबंधाचा विषय. भांड्यात दोन टोके बुडवायची. एका टोकावर ती भुकटी, तिची परीक्षा. दुसरे टोक नुसते वीज पुरी करायला. हे दुसरे टोक त्याने प्लॅटिनमचे घेतले, कारण बाईंच्या प्रयोगशाळेत पहिल्यापासून तेच वापरले जात असे. सायीच्या अभ्यासात दोन्हीकडे प्लॅटिनम असल्याने काही बिघडत नाही. त्यामुळे भांडे तेच राहिले, दुसरे टोकही तेच राहिले आणि जुळणीच्या कागदावर बाईंनी सही केली.

भुकटीने चमत्कार केला. वायू निघू लागला, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा सहज निघू लागला. संचालकांनी शोधनिबंधावर आपले नाव घातले, शिवाय नियतकालिकाशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकारही स्वतःकडे घेतला. वर्तमानपत्रांत बातमी आली. संस्थेच्या दर्शनी भिंतीवर "प्लॅटिनमविना हायड्रोजन" असा फलक लागला, त्यावर बाईंचे नाव ठळक. पेटंटच्या अर्जाचे कागद मी तयार केले.

बातमी आली त्याच आठवड्यात बाई माझ्या खोलीत येऊन खुर्चीत बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत.

"वकीलसाहेब, वापरून वापरून सुधारणारी वस्तू तुम्ही पाहिलीत कधी?"

"नाही."

"मीसुद्धा नाही. माणसंही सुधारत नाहीत, भुकटी कशी सुधारेल? ते दुसरं टोक, त्याच्यावर साय धरते. प्रयोग थांबवला की सुटते. मालक रस्त्यावर येतात, आणि समोर भुकटीची ओसरी मोकळीच आहे. तिथे जाऊन झोपतात. वायू काढतोय तो प्लॅटिनमच. आम्ही नाव भुकटीचं घेतोय." मग त्या म्हणाल्या, "जन्मभर हेच मोजलं मी. माझ्याच भांड्यात मला दिसलं नाही."

दुसऱ्या टोकाला प्लॅटिनमऐवजी पेन्सिलीतल्या शिशासारखी कार्बनची कांडी लावून त्यांनी संतोषला नव्या भुकटीवर सगळा प्रयोग परत करायला लावला. वायूचे चार बुडबुडे आले आणि थांबले.

संचालकांच्या खोलीत झालेल्या बैठकीला कायदा अधिकारी या नात्याने मी हजर होतो. सबब जे लिहितो ते ऐकीव नाही.

"निबंध मागे घ्यायला हवा, सर. चूक जुळणीची आहे आणि जुळणीवर सही माझी आहे," बाई म्हणाल्या. संतोष शेजारी मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवण्याची पूर्ण सोय असताना त्यांनी ते दाखवले नाही.

"मॅडम, इतकी घाई कशाला? पुढच्या निबंधात एखादी तळटीप देऊ."

"तळटीप? बातमी पहिल्या पानावर आणि चूक तळाला?"

"लोक काय म्हणतील याचा विचार करा. तुमच्याच नावाला बट्टा लागेल."

"लागू द्या. तो खरा तरी असेल."

"आपण नंतर बोलू," संचालक म्हणाले. माझ्या अनुभवात या तीन शब्दांनी जितक्या न्यायाची हत्या केली आहे, तितकी कोणत्याही कायद्याने केलेली नाही.

त्याच सुमारास बाईंच्या वस्तीने त्यांचा सत्कार ठरवला होता. बाईंनी नको म्हणून कळवले, तो त्यांचा विनय समजला गेला. मी बिबवेवाडीहून मुद्दाम गेलो होतो. विहार खच्चून भरलेला. बाहेर "जगाला हायड्रोजन देणारी येरवड्याची लेक" असा बॅनर. रीतीप्रमाणे आधी वंदना झाली. सगळ्यांनी एका सुरात पंचशील म्हटले, बाईंनीही हात जोडून म्हटले. मग सूत्रसंचालकाने शोधाची महती सांगितली आणि बाईंना पुढे बोलावले.

"आत्ताच आपण चौथं शील म्हटलं, खोटं बोलणार नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "ते ओठांवरून वाळायच्या आत मी हा गुच्छ घेऊ शकत नाही. पेपरात आलं ते चुकीचं आहे. चूक माझी आहे."

न्यायालयात शपथ घेऊन लगेच खोटे बोलणारी माणसे मी पोत्याने पाहिली आहेत. शील म्हटले म्हणून भर सत्कारात खरे बोलणारे माणूस मी तेवढे एकच पाहिले. पुढच्या रांगेत बाईंच्या वडिलांबरोबर काम केलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी काठी टेकत विचारले, "म्हंजे शोध लागलाच न्हाई का?"

"नाही, काका. लागला असं वाटलं."

"मंग आता?"

"आता ज्यांनी छापलं त्यांना सांगायचं, की काढून टाका."

म्हाताऱ्यांनी मागे वळून पोरांना फर्मावले, "बॅनर उतरवा रे आधी. मंग चहा आणा. पोरगी कामावरनं आलीय, उपाशी आसंल."

आणि बॅनर उतरला! ठराव झाला नाही, समिती नेमली गेली नाही, अभिप्राय मागवले गेले नाहीत. चहा येण्यापूर्वी तो गुंडाळून कोपऱ्यात उभा होता. उच्चविद्याविभूषितांच्या आमच्या संस्थेतला फलक मात्र बाई निवृत्त झाल्या तरी भिंतीवर होता, आणि हे लिहितो आहे तेव्हाही आहे. त्यावरची धूळ नियमित पुसली जाते.

बाईंनी नियतकालिकाला स्वतः लिहिले. उत्तर आले की, निबंध मागे घेण्याची विनंती पत्रव्यवहाराचा अधिकार असलेल्या लेखकाने, अथवा ज्याने प्रयोग केले त्या प्रथम लेखकाने केली पाहिजे. पहिले म्हणजे संचालक, दुसरा म्हणजे संतोष. संचालकांकडे मी लेखी टिपण दिले, स्मरणपत्रे दिली. निवृत्तीनंतर नागरिक म्हणून नियामक मंडळाला, मंत्रालयाला लिहिले. "आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात आले आहे" या एका वाक्याच्या इतक्या प्रती माझ्याकडे आहेत, की त्यांनी कपाटाचे दार लागत नाही. 'संबंधित' म्हणजे अर्थात संचालकच. पेटंटच्या अर्जाची तपासणी संस्थेने कधी मागितलीच नाही. अशा वेळी तो अर्ज "मागे घेतला असे मानण्यात येते." म्हणजे चूक होती असे कोणी म्हणायचे नाही, बरोबर होते असेही कोणी म्हणायचे नाही, आणि अर्ज आपला झोपेत वारायचा. मी संतापाने हे बाईंना सांगितले, तर त्या हसून म्हणाल्या, "मानलेलं मागे घेणं! माझ्या तारेनं असं काही केलं असतं तर मी ती फेकून दिली असती."

माझा खरा संताप संतोषवर होता. त्याच्या चार ओळींनी काम झाले असते. परंतु बाईंनी त्याला बजावले होते, "आधी प्रबंध नव्या विषयावर पुरा कर. पदवी घे. मग तुझं तू ठरव." त्याने पदवी घेतली, गावाजवळच्या महाविद्यालयात नोकरी घेतली आणि ठरवले काहीच नाही. मी त्याला दोन पत्रे लिहिली. त्यात कर्तव्याची जाणीव होती आणि, लपवत नाही, परिणामांचा इशाराही होता. उत्तर आले नाही. बाईंना हे कळले तेव्हा त्या माझ्यावर प्रथमच चिडल्या.

"तुम्ही त्याला धमकावलंत?"

"मी त्याला कायदेशीर वस्तुस्थिती कळवली."

"वकीलसाहेब, साय उतरवताना दर खेपेला थोडा धातू जातोच. त्या पोराकडे धातू किती आहे ते मला माहीत आहे. ओरबाडू नका."

तोवर त्यांना आजाराने गाठले होते. मी जमेल तसा येरवड्याला जात असे. खाटेवर बसून त्या माझ्या तक्रारी ऐकत, फुटपाथच्या आणि नळाच्यासुद्धा. शेवटच्या भेटीत मात्र बोलल्या त्याच. "एकच खुपतं. ज्या चांगल्या गोष्टी मोजल्या त्या कोणी वाचणार नाही. वाचतील ते हेच, आणि त्याच्यावर माझं नाव आहे. मी गेल्यावर ते तिथेच राहणार." मी म्हणालो, मी बघतो. त्या माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिल्या, तीत माझ्याविषयी माया होती आणि माझ्या पत्रांविषयी कणभरही भ्रम नव्हता.

काही दिवसांतच त्या गेल्या. संस्थेने शोकसभा घेतली. अध्यक्षस्थानी तेच संचालक, आता निवृत्त आणि कुठल्याशा समितीवर विराजमान. भाषणाच्या शेवटी ते गहिवरून म्हणाले, "प्लॅटिनमविना हायड्रोजन हा मॅडमच्या आयुष्याचा कळस होता."

मी उभा राहिलो. "माझी हरकत आहे."

"अहो, ही शोकसभा आहे. इथे हरकत कसली घेता?"

"इथेच घेतो. जिची सभा आहे तिला उत्तर देता येत नाही."

"आपण बसून घ्या. आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाहीत, वस्तुस्थिती आहे. तो निबंध चुकीचा असल्याचे त्यांनी माझ्यासमक्ष आपल्याला सांगितले होते."

कोणीतरी माझा सदरा मागून ओढला. दोघेतिघे "काका, बसा हो" म्हणू लागले. मी बसलोही असतो; इतकी वर्षे बसवलाच गेलो होतो. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"सर बरोबर बोलतायत. भुकटीत काही नव्हतं. प्रयोग माझा होता."

संतोष. कानांवरचे केस पांढरे झालेले, हातात महाविद्यालयाची पिशवी.

"संतोष, आपण नंतर बोलू," संचालक म्हणाले.

"नंतर नंतर करत मॅडम गेल्या, सर. मीही तेच म्हणत होतो."

अध्यक्षांनी घाईघाईने श्रद्धांजली जाहीर केली. सगळे उभे राहिले. दोन मिनिटांच्या त्या शांततेत ऐकू येत होता तो फक्त कोणाच्या तरी फोनचा थरथराट.

सभा संपल्यावर संतोष आवारातल्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसला. "सर, तुमची पत्रं मी ठेवली आहेत. वाचली की हातपाय गार पडायचे." तो म्हणाला, "नियतकालिकाला आजच लिहायचंय. तुम्ही मसुदा द्याल?"

मसुदा माझ्या पिशवीत तयारच होता. तो नेहमीच असे. परिच्छेदांना क्रमांक दिलेले, संचालकांच्या प्रत्येक टाळाटाळीचा उल्लेख, विषयाची ओळच तीन ओळींची. संतोषने तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि आदराने परत माझ्या हातात दिला. पिशवीतून एक कोरा कागद काढून तो गुडघ्यावर घेतला.

"इंग्रजी नंतर करतो," तो म्हणाला. "आधी मराठीत लिहितो, म्हणजे पळवाट राहणार नाही."

आणि त्याने सर्वांत वर लिहिले, "विषय : माझी चूक."

मी आयुष्यभर पत्रे लिहीत आलो. नगरपालिकेला, मंत्र्यांना, मंडळांना, शेजाऱ्यांना. हा विषय मी एकाही पत्रावर घातलेला नाही. माझा मसुदा मी पिशवीत तळाशी सारला आणि त्याला म्हणालो, "लिहा पुढे."